सामाईक जमिनीचा रंग

गेली तेवीस वर्षं मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढतो आहे. विदर्भातली शेकडो गावं माझ्या टेबलावरून गेली असतील, पण खरं सांगायचं तर त्यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मोजणीवाले उन्हातान्हात हिंडून कच्चा आराखडा आणतात आणि आम्ही पंख्याखाली बसून त्यावर शाई चढवतो. नाला निळा, रस्ता तांबडा, गावठाण करडं. माझी बायको सुमन म्हणते, या माणसाला कोंढाळीच्या पुढे सोडलं तर तो रस्त्यात उभा राहून उत्तर दिशेचा बाण शोधील. त्यामुळे मागच्या वर्षी मी गवळ्यांच्या एका डोंगरी वस्तीवर एकदा नाही, दोनदा जाऊन आलो हे ऐकून कचेरीत जी करमणूक झाली ती अजून संपलेली नाही. त्या बाजूला जाण्याचं ज्यांना कधी कारण पडलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात माझी फजिती पुष्कळ आहे. पण तेवीस वर्षांत ज्याचा मला अभिमान वाटावा असं एकच काम माझ्या हातून झालं, तेही यातच आहे.

धंतोली

सुरुवात आमच्या गल्लीतच झाली. आम्ही धंतोलीत भाड्यानं राहतो. इथे घरांपेक्षा दवाखाने जास्त आणि दवाखान्यांपेक्षा चहाच्या टपऱ्या जास्त, कारण गावोगावहून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांनी दिवसभर बसायचं कुठे? वैशाखातल्या एका सकाळी टपरीवर माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात त्याच्याहून उंच काठी. मोतीबिंदू काढून चार दिवस झाले होते. त्यानं हात जोडून 'दंडवत' म्हटलं. त्यांच्यात नमस्काराच्या जागी हाच शब्द. नाव तुळशीराम, वरच्या बोरझरीचा गवळी. बोरझरी आर्वीच्या अलीकडे, डोंगरात.

"साहेब, वाचता येते न तुमाले?" असं म्हणून त्यानं काखेतल्या पिशवीतून एक कागद काढला. घड्या घालून घालून त्याच्या चिंध्या व्हायच्या बाकी होत्या. नकाशाची नक्कल होती ती, वरून हातानं रंग भरलेली. त्यानं ती उलगडली आणि मी चहाचा पेला खाली ठेवला.

अक्षर माझं होतं. 'झ'चं पोट मी जरा मोठं काढतो, त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्लेली आहेत. वरची बोरझरी हिरवी, खालची बोरझरी पिवळी, आणि दोन्हींच्या मधून डोंगराच्या कडेनं गेलेली एक ठसठशीत काळी रेघ. उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत 'रेखन' या शब्दापुढे माझं नाव.

"ह्या रेघेनं आमचं वाटोयं केलं, साहेब," तुळशीरामबुवा म्हणाले. "खालच्याईनं कोन्या तरी साहेबाले तूप चारलं आन् हे रेघ मारून घेतली. अकरा वर्सं झाली. आता जमीन पार बोडकी झाली, तं सरकारचे लोकं येऊन सांगून राहिले का तुमीच ढोरं लय पाळता, पावसाळ्याच्या आंधी अर्धी विका. ढोरं विकली तं आमी गवळी कायचे?" मग त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ज्यानं रेघ मारली त्याचं नाव अथी लिवलं हाय म्हनते. माहा डोया बांधला हाय. तुमी वाचा न."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. नाव स्वच्छ दिसत होतं. माझी शाई सहसा पुसट होत नाही.

"पुसट झालंय," मी म्हणालो. "इथे नीट लागत नाही."

मी कुठे नोकरी करतो हेही मी सांगितलं नाही. ते म्हणाले, मग गावाले चला, तिथे उजेड लय हाय, दोन्ही वस्त्याईसमोर वाचून दाखवा. मी हसून टाळलं आणि घरी आलो, पण जेवायला बसल्यावर राहवेना. शेवटी सुमनला सगळं सांगितलं. तिनं वाटीत वरण वाढता वाढता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जन्मभर गावं रंगवलीत. एखादं पाहून तरी या." आठ दिवसांनी बुवांची पट्टी सुटली, तेव्हा मी रजा टाकून त्यांच्याबरोबर एसटीत चढलो. का चढलो ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. भीती आणि लाज यांत कोण कोणाला ओढत होतं कोण जाणे.

वरची बोरझरी

कोंढाळीपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा दिसतात आणि माणसाला वाटतं की पुढेही असंच असेल. एसटीनं आम्हाला एका फाट्यावर सोडलं. तिथून अडीच कोस चढ. पहिल्याच चढाला माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. बुवांनी पळसाच्या मुळीची साल सोलून तो असा बांधून दिला की त्याच चपला घालून मी नागपूरला परत आलो. टेरिलीनच्या पँटला मात्र वाळक्या कुसळी गवताची टोकं अशी रुतली की आठवडाभर सुमन ती चिमट्यानं काढत होती.

वर पोचलो आणि मी उभाच राहिलो. माझ्या नकाशावर हे सगळं हिरवं होतं. चांगला दोन हात देऊन भरलेला हिरवा. इथे तांबडा मुरूम उघडा पडलेला, मधूनमधून वाळलेल्या तरोट्याचे खराटे, ज्याला गुरं तोंड लावत नाहीत. वाऱ्याबरोबर माती उठत होती आणि माझ्या चष्म्यावर बसत होती. नांगर न लावता जमीन इतकी खरवडली जाऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

वस्ती चाळीसेक घरांची. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? इथे विचारत नाहीत. पाय धुवायला पाणी आणि पाठोपाठ पितळी गडूभर ताक. दूध ते विकत नसत. दूध विरजायचं, लोणी काढायचं, तूप कढवायचं आणि ते आठवडी बाजाराला न्यायचं. ताक पाण्यासारखं पातळ होतं. बुवांच्या सुनेच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "पावने, गाईच्या पोटात काई गेलं तं ताकात येईन. पयले अथी ताक वरपाव लागे." जेवायला चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा. मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि घरी मी दीडच्या पुढे जात नाही.

दुपार कलल्यावर बुवांनी मला गुरं दाखवायला नेलं. पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, काळ्याभोर डोळ्यांची गवळाऊ गुरं, पण एकेकीच्या फासळ्या मोजता याव्यात अशी. सगळ्यांच्या पुढे असलेल्या गाईचं नाव चांदी. मी कचेरीत ऐकलेलं शहाणपण बोलून दाखवलं: गुरं कमी केली तर गवत येईल.

बुवांनी माझ्याकडे एका नव्या आणि एका जुन्या डोळ्यानं पाहिलं. "साहेब, माह्या बापाच्या टायमाले आखरावर पाय ठेवाले जागा नोयती." आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं गोळा करायची जागा. "आता पाहा. तिसरा हिस्सा बी ढोरं नाही राह्यली. ढोरं कमी झाली तसं गवत बी कमी झालं. मंग कसं?"

मग त्यांनी काठीनं जमिनीवर काढून मला सगळं समजावलं. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो सर्वांत चांगला नकाशा.

"आभाय आलं का दोन्ही वस्त्याईची समदी ढोरं अथी वर. खालचं खोरं बंद. दिवाई होयेपर्यंत खाली एक खूर पडत नोयता. पवन्या गवत कमरेले लागे, पिके, बी झडे. मंग दिवाई झाली का पुढची गाय घंटा वाजवत खाली, आन् मांगं समदा कळप. घंटेच्या आंधी कोनाचं वासरू बी जात नोयतं. उन्हाळाभर तथी गवत, तथीच तयाचं पानी. आन् हे पठार तवा निजे. सालभर एक जागे, एक निजे." त्यांनी काठी मधोमध टेकवली. "मंग हे रेघ आली. वरचं वरच्याईचं, खालचं खालच्याईचं. आता आमाले बारा महिने वरच, त्याईले बारा महिने खालीच. निजाले टाइमच नाही जमिनीले."

"मग आपापला अर्धा भाग तरी बंद ठेवायचा," मी म्हणालो.

"ठेवला न. दोन वर्सं ठेवला. आपन बंद ठेवला का ते येऊन चारून जातेत. त्याईनं ठेवला का आमचे जातेत. खोटं काहून बोलू. मंग ज्यानं त्यानं ठरवलं, दुसरा खाईन त्याच्या आंधी आपन खाऊ."

घरी परतल्यावर त्यांनी खुंटीवरची काशाची घंटा दाखवली. चांगली शेरभर वजनाची. मी हलवली तर आवाजच नाही. आतला लोळा, म्हणजे आपटून वाजणारा दांडा, नव्हता. वाटणी झाली त्या दिवशी ती घंटा कोणाची यावरून काठ्या निघाल्या होत्या. शेवटी घंटा वरच्यांनी ठेवली आणि लोळा खालच्यांनी नेला. खालच्या बोरझरीचं म्हणणं जिच्या शब्दानं चालतं ती गंगाबाई बुवांची सख्खी धाकटी बहीण. अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. अकरा भाऊबीजा कोरड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोष्ट घडली. एका सपाट खडकावर बुवांनी नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि म्हणाले, आता उजेड हाय, वाचा. मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा पुसायला इतका वेळ मी कधीच लावलेला नव्हता. तेवढ्यात मागून एक लांब पांढरं तोंड आलं, दगड बाजूला लोटला गेला आणि कागदाचा उजवा खालचा कोपरा चांदीच्या तोंडात गेला. बुवा काठी घेऊन धावले, मी कागद ओढला. माझं नाव, 'रेखन' हा शब्द, आणि वरची थोडी प्रमाणपट्टी, एवढं सगळं चांदी डोळे मिटून चावत होती.

"उपाशी हाय बिचारी," बुवा म्हणाले. "तिले काय समजते कागद का कडबा." आणि ते तोंड फिरवून मुंडाशाच्या शेवानं डोळा पुसू लागले. डॉक्टरांनी त्या डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलेलं होतं.

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला हायसं वाटलं. पुरावा गेला होता. संध्याकाळची एसटी धरून मी घरी जाऊ शकत होतो आणि या डोंगरात मला कोणीही कधीही नावानं ओळखलं नसतं.

खालची बोरझरी

पण जाण्याआधी खालचं पिवळं पाहून यावं म्हणून मी एकटाच उतरलो. बुवा येणं शक्यच नव्हतं. डोंगराच्या कडेला चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या दगडांची रांग होती, तिथपर्यंत ते आले आणि थांबले. माझी काळी रेघ जमिनीवर अशी पांढरी झालेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

मला वाटलं होतं की खाली तरी सुखी असतील. तूप चारून त्यांनी खोरं मिळवलं होतं ना. खोरंही तसंच बोडकं. तळ्याच्या जागी चिखलाचं डबकं उरलं होतं, कारण वरच्या पठाराची सगळी माती दर पावसाळ्यात वाहून त्यातच येऊन बसली होती. डबक्याभोवती गुरं खाली माना घालून उभी होती.

गंगाबाई अंगणात मिरच्या कुटत बसल्या होत्या. साठीच्या, सावळ्या, कपाळ मोकळं, आवाज असा की समोरच्या टेकडीवरचं जनावर वळावं. मी कुठून आलो हे कळल्यावर त्यांचा चेहरा आवळला, पण हात थांबला नाही. सुनेला हाक मारली, "ताक दे वं यायले. वरून आले तरी तहान तं लागतेच."

मी रेघेचा विषय काढला. त्यांनी मिरच्यांवर जो घाव घातला त्यानं मला ठसका लागला.

"माह्याच भावानं केलं. वरच्याईनं साहेबाले तुपाचे डबे देल्ले. आमाले पानी देल्लं आन् पावसाळ्यातलं समदं गवत सोता घेतलं. पावसाळ्यात आमची ढोरं अथी चिखलात उभी राहून खूर सडवतेत. सख्खा भाऊ म्हनाव काय त्याले?"

शब्दसुद्धा तेच. तुपाचे डबे तेच. मी हातातला गडू खाली ठेवला. मला त्या घडीला सगळं लख्ख दिसलं. दोन्ही वस्त्यांना ठाम माहीत होतं की आपण रेघ मागितली नाही. म्हणजे समोरच्यानंच मागितली असणार. साहेबानं उगाच कशाला मारली असती? उगाच मारणारा साहेब असतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गुरं जास्त झाली म्हणून जमीन उजाड झाली नव्हती. भाऊ बहिणीवर विसंबेना, म्हणून झाली होती.

मी उठलो तेव्हा गंगाबाईंनी मिरच्यांतून तो बत्ता बाहेर काढला, पदराला पुसला. तो बत्ता नव्हता. वर कडी असलेला जाड काशाचा दांडा होता. घंटेचा लोळा. अकरा वर्षं तो मिरच्या कुटत होता. माझी नजर पाहून त्या म्हणाल्या, "पडून राह्यला असता न नाहीतरी." मग अंगणाच्या टोकापर्यंत मला पोचवायला आल्या आणि डोंगराकडे बघत, जसं काही हवापाणी विचारावं तसं विचारलं, "धंतोलीले डोये कापतेत म्हनते. लय दुखते काय?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना आता चांगलं दिसतं."

"मले काय त्याचं," असं म्हणून त्या वळल्या.

मी एसटी धरली नाही. वर जाऊन बुवांना सांगितलं, नाव मला लागलं आहे. उद्या सकाळी पांढऱ्या दगडांपाशी दोन्ही वस्त्यांसमोर वाचतो. खाली निरोप गेला.

पांढरे दगड

सकाळी दोन्ही वस्त्या जमल्या. वरचे दगडांच्या वर, खालचे दगडांच्या खाली, बाया, पुरुष, लेकरं. मी मधे एका दगडावर, एक पाय हिरव्यात, एक पिवळ्यात. गवळी निर्व्यसनी लोक, पण काठ्या सगळ्यांच्या हातात असतात हे माझ्या तेव्हा चांगलंच लक्षात आलं. बुवांनी फाटका नकाशा माझ्या हातात दिला.

"कोपरा चांदीनं खाल्ला आहे," मी म्हणालो. "पण नाव मला पाठ आहे, कारण ते माझंच आहे. ही रेघ मी मारली."

मागे कुठेतरी एक वासरू हंबरत होतं. मी थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, म्हणून बोलतच राहिलो. "मला कोणी तूप दिलं नाही. ना वरच्यांनी, ना खालच्यांनी. तुमच्यातल्या कोणाला मी तेव्हा ओळखतही नव्हतो. मोजणीवाल्यानं कच्च्या कागदावर या सगळ्या डोंगरावर आडवं लिहून दिलं होतं, 'दोन्ही वस्त्यांचं सामाईक'. पण माझ्या रंगांच्या तक्त्यात सामाईक जमिनीचा रंगच नव्हता. प्रत्येक तुकड्याला एकच गाव लिहायची जागा होती. शनिवार होता, काम संपवायचं होतं. मी कोणाला विचारलं नाही. डोंगराची कड दिसली, तिच्यावरून पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. वरचं हिरवं केलं, खालचं पिवळं. मला वाटलं, किती नीटनेटकं दिसतंय. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही."

तुळशीरामबुवा माझ्याकडे बघत होते. "रंग नोयता?"

"नव्हता."

"निस्ता रंग नोयता म्हनून?"

"हो, बुवा. तेवढ्यासाठीच."

खालच्या बाजूनं गंगाबाईंचा आवाज आला. "मंग तूप कोनं देल्लं?"

"कोणीच नाही, बाई."

"म्हंजे ह्यानं नाही देल्लं?"

"नाही. आणि त्यांना अकरा वर्षं वाटतंय की तुम्ही दिलं."

एक तरुण वरून काठी घेऊन माझ्याकडे निघाला. मी दगडावरून उतरलो नाही. बुवांनी हात आडवा करून त्याला थांबवलं, आणि मग त्यांनी जे केलं त्याची मला बिलकूल अपेक्षा नव्हती. ते मटकन दगडावर बसले. चुन्याचा पांढरा डाग त्यांच्या धोतराला लागला. "गंगे," ते म्हणाले, "म्या तुह्या पोरीच्या लग्नाले नाही आलो वं."

"नाही आला," गंगाबाई म्हणाल्या. "म्या पंगतीत तुहं पान वाढून ठेवलं होतं." आणि त्या दगड ओलांडून वर आल्या. भावाची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड उन्हाकडे फिरवलं आणि कापलेला डोळा नीट निरखून पाहिला, जसा गाईचा पाहतात तसा. दोघंही रडत होते आणि त्यांच्याभोवती दोन्ही वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मीही रडलो. टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसाला चारचौघांत रडायची सवय नसते.

एवढ्यानं सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. पुढचे चार तास तिथेच कडाक्याचं भांडण झालं, आणि त्याच्याइतकं मंगल भांडण मी ऐकलं नाही. पावसाळ्यात वर पाणी कुठलं प्यायचं? खालच्यांची म्हातारी गाय चढू शकत नसेल तर? राखणीला पाळी कोणाची? बंद खोऱ्यात ज्याचं जनावर सापडेल त्यानं दोन्ही वस्त्यांना जेवण घालायचं, हे गंगाबाईंनी ठरवलं. तळ्यातला गाळ उपसून वरच्या पठारावर टाकायचा, ज्याची माती त्याला परत, हे बुवांनी. मला शिक्षा काय, असंही कोणीतरी विचारलं. गंगाबाई म्हणाल्या, "याले गाळ उपसाले लावा." मी दोन दिवस राहिलो आणि टोपल्यांनी गाळ वाहिला. दुसऱ्या दिवशी घसरून कमरेपर्यंत चिखलात गेलो. काठीच्या टोकाला धरून मला ज्यानं ओढून काढलं तो त्या सकाळी माझ्यावर काठी घेऊन निघालेलाच तरुण होता.

कार्तिक

नागपूरला येऊन मी माझी चूक लिहून वर दिली. वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, अकरा वर्षांनी आठवलं? कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर जातो आहे. पण त्या कागदाची वाट कोणी पाहिली नाही. पावसाळ्याआधी दोन्ही कळप पठारावर गेले. आश्विनात सरकारी लोक पुन्हा येऊन गेले. त्यांनी खोऱ्याचे फोटो काढले आणि अर्धी गुरं विकायचा विषय काढला नाही, असं बुवांनी पाठवलेल्या पोस्टकार्डात होतं. खाली लिहिलं होतं: दिवाळीनंतर घंटा निघते आहे, बाईसाहेबांना घेऊन या.

सुमनला घेऊन गेलो. यावेळी चढावर तिच्या चपला शाबूत राहिल्या आणि माझ्या पुन्हा तुटल्या.

पठाराचं अजून पुष्कळ बाकी होतं, ते सांगायला हवं. पण मुरमाच्या फटीफटीतून गवताची ठोंबं धरलेली दिसत होती, आणि जिथे गाळ टाकला होता तिथे तर हात लावून पाहावं असं होतं. पांढऱ्या दगडांपाशी पोचलो आणि सुमननं माझा दंड धरला. खाली सगळं खोरं पिकलेल्या पवन्यानं भरलं होतं. वारा आला की या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत वाकत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. मधोमध तळं, आणि तळ्यात आभाळ. सुमन म्हणाली, "हे तुम्ही पिवळं केलं होतं?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "बरोबरच होतं की मग." बायको अशी असते.

दोन्ही वस्त्यांचा स्वयंपाक एकाच चुलाणावर होता. रोडगे, वांग्याची भाजी, आणि वर तूप असं वाढलं की रोडगा दिसेना. "साहेबाले तूप वाढा," गंगाबाई ओरडून म्हणाल्या, "आता खरंच चारलं असं तं होईन." अख्खी पंगत हसली आणि मी ते मुकाट्यानं खाल्लं.

मग चांदीला आणलं. धुऊन, शिंगांना गेरू लावून. तिच्या फासळ्या आता मोजता येत नव्हत्या. तुळशीरामबुवांनी घंटा धरली आणि गंगाबाईंनी आत लोळा अडकवला. मिरच्या कुटून कुटून त्याचं टोक लाल पडलेलं होतं आणि ते त्यांनी कितीही घासलं तरी निघालं नव्हतं. बुवांनी घंटा गळ्यात बांधली. चांदीनं मान हलवली आणि अकरा वर्षांनी तो आवाज डोंगरात गेला. म्हाताऱ्या बायांनी कानांवरून पदर मागे सारले, नीट ऐकू यावा म्हणून. चांदी पांढरे दगड ओलांडून उताराला लागली, मागून दोन्ही वस्त्यांचा कळप, आणि त्यांच्या पायाखाली दगडांची रांग कुठे गेली ते धुळीत दिसेना.

मी बुवांसाठी एक भेट आणली होती. बोरझरीचा नवा नकाशा, घरी बसून, स्वतःच्या खर्चानं काढलेला. त्यात रेघ नव्हती. हिरवी आणि पिवळी शाई एका बशीत ओतून मी सगळा डोंगर एकाच रंगानं भरला होता, कोवळ्या गवतासारख्या पोपटी. तो रंग कोणत्याही तक्त्यात नाही. कोपऱ्यात माझं नाव होतं, जरा मोठ्या अक्षरात.

खोऱ्यात उतरल्यावर गवतातच एका खडकावर मी तो पसरला. बुवा आणि गंगाबाई दोन्हीकडून वाकले. तेवढ्यात घंटा वाजत वाजत जवळ आली आणि ते लांब पांढरं तोंड पुन्हा माझ्या खांद्यावरून पुढे आलं. मी घाईनं कोपऱ्यावर हात ठेवला. बुवांनी माझा हात धरून बाजूला केला.

"राहू द्या, साहेब. पाहू काय करते."

चांदीनं कागद एकदा हुंगला. मग तोंड फिरवलं, गवतात मान घातली आणि चरू लागली. ती प्रत्येक घासाला मान हलवी तशी घंटा वाजत होती.